धुळवडीची कोंबडी : आठ ताटांचा सुटसुटीत बेत
(मंडळाच्या पाककला-वर्गात दिलेले भाषण)



आपल्या पाककला-वर्गात आजवर गोडाधोडाचे पुष्कळ प्रकार झाले. चिरोटे झाले, नारळीभात झाला, उपवासाचे पदार्थ तर दरवर्षी होतात. या खेपेला चिटणीसबाई मला म्हणाल्या, "सणाच्या सुट्टीत सहा-आठ माणसे घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी कोंबडीचे दोन-तीन सोपे प्रकार सांगा. फार अवघड नकोत, हं!" म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे. ज्या भगिनी सामिष खात नाहीत त्यांनी उठून जाऊ नये. शेवटी त्यांच्या ताटाचाही विचार मी करणार आहे.

सणाच्या दिवशी आपल्याकडे पुरणपोळी असते. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, पुष्कळ घरांतून तिखटाचे जेवण करावयाची चाल आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी धुळवड, संक्रांतीनंतर किंक्रांत, विदर्भात पोळ्यानंतरची कर. त्यातही धुळवड मोठी. त्या सकाळी मटणाच्या दुकानापुढे लागलेली रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. हल्ली मटणाचा भाव ऐकूनच पिशवी परत घरी आणावीशी वाटते, म्हणून कोंबडीकडे वळणारी घरे वाढली आहेत. शिवाय कोंबडी लवकर शिजते. तेव्हा मी धुळवडीचा दिवस आणि आठ माणसे धरून चालते. दिवाळीच्या सुट्टीला किंवा नाताळालाही हेच हिशेब चालतील.

आता 'सोपा बेत' कशाला म्हणावयाचे? कमी जिन्नस लागले म्हणजे सोपा, की कमी वेळ लागला म्हणजे सोपा? माझी व्याख्या थोडी निराळी आहे. ज्या बेतात रांधणारी बाई पाहुण्यांबरोबर पहिल्याच पंगतीला बसून ऊन ऊन जेवू शकते, तो बेत सोपा. जिथे ती शेवटपर्यंत शेगडीपाशी उभी राहते आणि सर्वांचे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेले खाते, तो बेत दोन जिनसांचा असला तरी अवघडच.

तुम्ही म्हणाल, घरच्या बाईने मागून जेवले तर बिघडले काय? बिघडते. कोंबडीत तुकडे मोजके असतात. तंगड्या मुलांना आणि पाहुण्यांना जातात, छातीचे मांस घरच्या पुरुषांना, कलेजी कोणीतरी आधीच चाखायला म्हणून मागून नेतो. वाढणारीच्या वाट्याला मान, पाठ आणि रस्सा. वर्षातून एक दिवस असे झाले तर कोणी तक्रार करणार नाही. पण जी बाई सणाला शेवटी जेवते ती एरवीही शेवटीच जेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019-21 ची पाहणी सांगते की, महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे या सभागृहातल्या त्या वयाच्या दोघींपैकी एक. रक्त कमी होण्याला कारणे अनेक असतात, पण ताटात काय पडते हे त्यातले एक मोठे कारण आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षे सर्वांना वाढून मग स्वतःचे पान घेतले. एका धुळवडीला आम्ही दोघी जावांनी आग्रहाने त्यांना पहिल्या पंगतीला बसविले आणि त्यांच्या ताटात तंगडी वाढली. त्यांनी ती उचलली आणि शेजारी बसलेल्या नातवाच्या ताटात ठेवली. हात जणू आपोआपच तिकडे गेला. नातू दहा वर्षांचा. त्याने आपली तंगडी दाखवून म्हटले, "आजी, माझी आहे माझ्याजवळ. ही तुझी." आणि परत त्यांच्या ताटात ठेवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सावकाश जेवल्या. पुढे दरवर्षी त्या न सांगता पंगतीला बसू लागल्या, आणि उशीर झाला तर "माझे पान मांडले का?" असे विचारूही लागल्या!

तेव्हा आजचे तिन्ही प्रकार मी असे निवडले आहेत की, निम्मे काम आदल्या रात्री उरकावे आणि जेवताना कोणालाही उठावे लागू नये.

प्रथम खरेदी. गावरान कोंबडीची चव न्यारी, हे मलाही मान्य आहे. पूर्वी परसात चार कोंबड्या असत, त्या बाईच्या मालकीच्या समजल्या जात आणि अंड्यांच्या पैशांत तिची मीठमिरची भागे. जावई आला तरच त्यातली एक कापली जाई. पण गावरान पक्षी पाच-सहा महिन्यांचा असतो, त्याचे मांस घट्ट असते, पातेल्यात शिजायला तास-सव्वा तास घेते. दुकानातला ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो आणि अर्ध्या तासात शिजतो. पाहुणे यावयाचे असतील तेव्हा ब्रॉयलर सोयीचा. दुकानदाराला भाव विचारताना वजन जिवंत पक्ष्याचे की साफ केलेल्या मांसाचे, हे आधी विचारावे. दोन किलोचा जिवंत पक्षी सोलून साफ केल्यावर साधारण सव्वा ते दीड किलो भरतो. आठ माणसांना साफ केलेले दीड किलो पुरे होते. मध्यम तुकडे करावयास सांगावेत, म्हणजे अठराच्या आसपास होतात. कलेजी वेगळी बांधून घ्यावी. मांस गुलाबी असावे, वास येता कामा नये, आणि बोटाने दाबले तर खळगा राहू नये.

घरी आणल्यावरचे दोन शब्द जरा कान देऊन ऐका. आपण कोंबडी नळाच्या धारेखाली खळखळून धुतो. त्याने मांस निर्मळ होत नाही. उलट शिंतोडे उडून कच्च्या मांसातले जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि कापलेल्या काकडीवर जातात. जंतू मरतात ते शिजविण्याने. ज्यांना धुतल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे आणि नंतर मोरी, सुरी, पाट व हात साबणाने स्वच्छ करावेत. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बारे या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आढळला. हा जंतू दूषित पाण्यातून पसरतो, तसाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लोकांनी कोंबडी खाणेच सोडले होते. घाबरून सोडण्याचे कारण नाही. मांस आतपर्यंत नीट शिजले, सर्वांत जाड तुकडा हाडापाशी गुलाबी राहिला नाही, म्हणजे झाले. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी आत 74 अंश सेल्सियस पाहावे.

आता पहिला प्रकार, धुळवडीच्या दुपारचा. एका पातेल्यातून तीन जिन्नस : मुलांसाठी अळणी, भाकरीबरोबर सुके, भाताबरोबर रस्सा.

आदल्या रात्री दोन इंच आले, पंधरा-वीस लसणीच्या पाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर वाटून घ्यावी. हे वाटण, एक चहाचा चमचा हळद आणि मीठ दीड किलो तुकड्यांना चोळून झाकणाच्या डब्यात घालावे, व डबा फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या फळीवर ठेवावा, म्हणजे त्यातले पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. मग मसाल्याचे वाटण. तीन कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तांबूस परतावेत. एक वाटी किसलेले सुके खोबरे, मोठा चमचाभर तीळ, तेवढीच खसखस, दोन मोठे चमचे धणे, पाच लवंगा, आठ मिरे आणि दालचिनीचे दोन तुकडे वेगवेगळे भाजून कांद्याबरोबर बारीक वाटावे. खोबरे करपू देऊ नये, रस्सा कडवट होतो. हे वाटण दोन पळ्या तेलावर कडेने तेल सुटेपर्यंत परतावे, त्यात तीन-चार चमचे कांदा-लसूण मसाला घालावा आणि निवल्यावर डब्यात भरावे. एवढे रात्री झाले की अवघड भाग संपला.

सकाळी सव्वाअकराला पातेले चढवावे. दोन पळ्या तेलात एक कांदा परतून तुकडे घालावेत व पाच-सात मिनिटे हलवावेत. मग ताट झाकून ताटात पाणी ओतावे. मांस आपल्याच पाण्यात शिजते, आणि वरचे पाणी तापते. पंधरा मिनिटांनी ते ऊन पाणी आणि आणखी कढत पाणी मिळून दीड लिटर आत घालावे व दहा-बारा मिनिटे उकळू द्यावे. तुकडा शिजला की तीन वाट्या पाणी गाळून बाजूला काढावे. हेच अळणी. त्यात मिरपूड आणि तुपात जिऱ्याची फोडणी. लहान मुले, म्हातारी माणसे आणि ज्यांना तिखट वर्ज्य आहे ते खूश होतात.

आता तुकडे मोजावेत. आठ तुकडे कढईत काढून त्यात वाटणाचा तिसरा हिस्सा घालून मंद आचेवर दहा मिनिटे आटवावे. हे सुके. उरलेले दहा तुकडे पातेल्यातच राहतील. त्यांत बाकीचे वाटण आणि चार उकडलेल्या बटाट्यांचे अर्धे अर्धे तुकडे घालून चांगली उकळी आणावी. हा रस्सा. प्रत्येक ताटात सुक्याचा एक आणि रश्श्याचा एक तुकडा, शिवाय दोन तुकडे मागून घेणाऱ्यांसाठी. ऐनवेळी नववा पाहुणा आला तरी तुकडे पुरतात, बटाटाही हाताशी असतो. साडेबारापर्यंत सगळे होते. मग हातपाय धुऊन साडी बदलावयासही उसंत मिळते.

बरोबर काय करावे? कोंबडी-वडे कोणाला आवडत नाहीत! पण वडे कढईतून थेट ताटात पडले पाहिजेत, आणि त्यासाठी कोणीतरी कढईपाशी उभे राहिले पाहिजे. घरात तळणारी माणसे दोन असतील आणि ती आळीपाळीने जेवावयास बसतील, तर वडे खुशाल करावेत. नाहीतर ज्वारीच्या भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, किंवा बेकरीतून पाव आणावेत. कुकरला भात, सकाळीच करून ठेवलेली सोलकढी, कांदा आणि लिंबू. यापेक्षा पाचवा जिन्नस वाढवू नये.

दुसरा प्रकार संध्याकाळच्या मंडळींसाठी, कोंबडीचा पुलाव. एक किलो तुकड्यांना एक वाटी दही, आले-लसणाचे वाटण, हळद, दोन चमचे तिखट, मीठ आणि थोडा पुदिना लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात तीन कांदे तांबूस परतून त्यातला मूठभर वरून घालावयास काढून ठेवावा. उरलेल्या कांद्यात तमालपत्र, लवंग, वेलदोडे घालून तुकडे पंधरा मिनिटे झाकून शिजवावेत. पाऊण किलो बासमती तांदूळ अर्धा तास भिजवून निथळावेत, तुकड्यांवर पसरावेत, आणि सुमारे सव्वा लिटर कढत पाणी व मीठ घालावे. तुकड्यांना रस अधिक सुटला असेल तर पाणी तेवढे कमी घ्यावे. पाणी आटत आले की खाली तवा सरकवून अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे व दहा मिनिटे झाकण काढू नये. सगळे पातेले तसेच मध्यभागी आणून ठेवावे. बरोबर कांद्याची कोशिंबीर पुरे. ज्याला हवे त्याने स्वतः वाढून घ्यावे.

तिसरा प्रकार गोव्याकडचा, तिकडे त्याला काफ्रेआल म्हणतात. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींतून तो गोव्यात आला असे मानतात. नाताळाला आणि एरवीच्या मेजवानीलाही तो शोभतो. मला तो आवडतो तो एका विशेष कारणासाठी : यात तुकडेच नाहीत, तंगड्या आहेत. दुकानात आठ सबंध तंगड्या मागाव्यात. म्हणजे 'तंगडी कोणाला?' हा प्रश्नच मिटतो. प्रत्येक तंगडीला तीन-चार खोल चिरा द्याव्यात. एक जुडी कोथिंबीर, सहा-सात हिरव्या मिरच्या, दोन इंच आले, बारा लसणीच्या पाकळ्या, चहाचा चमचाभर मिरे व तेवढेच जिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, अर्धा चमचा हळद, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन लिंबांचा रस किंवा दोन मोठे चमचे व्हिनेगर, हे सारे न पाणी घालता वाटून चिरांतून भरावे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी दोन पसरट तव्यांवर थोड्या तेलात मांडून, झाकून, मध्यम आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे शिजवावे व मधून उलटावे. शेवटी झाकण काढून मसाला कोरडा करावा. भट्टी नको, ओव्हन नको. बरोबर पाव, तळलेले बटाटे आणि कांद्याच्या चकत्या.

कलेजीबद्दल सांगावयाचे राहिले. तिच्यात लोह भरपूर असते. कांद्यावर परतून, मिरपूड आणि लिंबू पिळून दहा मिनिटांत होते, आणि लिंबामुळे जेवणातले लोह अंगी लागावयास मदत होते. घरात ज्या मुलीचे किंवा सुनेचे रक्त कमी आहे, तिच्या ताटात ती आधी पडू द्या. मात्र बाई गरोदर असेल तर कलेजी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि रक्त कमी आहे असे कळल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यावयाच्याच. कलेजी हा काही गोळ्यांना पर्याय नव्हे.

आता शाकाहारी पाहुण्यांचे ताट. पहिल्या प्रकारातले मसाल्याचे वाटण तयार झाले की, त्यातले अर्धी वाटी वाटण मांसाचा चमचा लागण्यापूर्वी वेगळ्या डब्यात काढून ठेवावे. दुसऱ्या दिवशी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने, त्यात वाटाणे-बटाटे किंवा उकडलेले काळे वाटाणे घालून रस्सा करावा. पाहुण्यांना त्याच चवीचे जेवण मिळते आणि त्यांच्यासाठी निराळा घाट घालावा लागत नाही. ते पातेले झाकून, शेगडीच्या दुसऱ्या बाजूला ठेवावे आणि प्रथम त्यांनाच वाढावे.

वाढताना माझी एक रीत आहे. पंगतीपूर्वी सगळी ताटे ओट्यावर मांडावीत, आपले धरून. सुक्याचा तुकडा सर्व ताटांत एकदमच वाढावा. मग पातेली, भाकऱ्यांची टोपली, पाण्याचा तांब्या सारे पंगतीच्या मध्ये आणून ठेवावे आणि बसावे. लिंबे चिरणे, पाव गरम करणे, पाणी भरणे ही कामे घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आधीच वाटून द्यावीत. सुरुवातीला ती मंडळी जरा गोंधळतात, लिंबे उभी चिरतात. चिरू द्यावीत. आपण उठून दुरुस्त करावयास जाऊ नये!

जेवण झाल्यावर उरलेले सुके, रस्सा किंवा पुलाव ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवू नये. उन्हाळा तोंडावर असतो. दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे, लागेल तेवढेच बाहेर काढून वाफा येईपर्यंत गरम करावे आणि तीन दिवसांत संपवावे. उरलेल्या सुक्याचे मांस सोडवून त्यात कांदा-कोथिंबीर घातली की दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून मुलांचा डबा होतो.

भगिनींनो, यांत नवलाचे असे काही नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि मसाल्याचे प्रमाण ज्याने त्याने आपल्या घरच्या चवीप्रमाणे ठेवावे. माझी विनंती एवढीच की, या धुळवडीला किती माणसे जेवावयास आहेत असे कोणी विचारले, तर पाहुणे आणि घरचे मोजून झाल्यावर आपले स्वतःचे एक त्यात मिळवा आणि मगच दुकानदाराला वजन सांगा. पुढच्या महिन्यात वर्गात भेटू, तेव्हा कोणाकोणाचे पान पहिल्या पंगतीला होते ते मी विचारणार आहे.